पेशंटवर राग नाही, पण रिपोर्ट लिहायचाच

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका स्टाफ नर्सचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

“ताई, मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात आहे. नोकरीला सहा वर्षं झाली. बारा दिवसांपूर्वी माझी नाइट होती. ३४ पेशंट, मी, एक ज्युनिअर आणि एक मावशी. पायाला सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) होऊन आलेले एक काका होते, पन्नाशीचे. दोन दिवस अगदी शांत. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला उठून बसले, भिंतीवर किडे चालताहेत म्हणाले आणि सलाईन उपटलं. मी त्यांना आडवं करायला गेले तर माझा अंगठा धरून मागे पिरगाळला आणि ढकललं. मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पडले. मावशींच्या हाताला चावले. शेवटी सिक्युरिटी आणि दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक, सगळ्यांनी मिळून धरलं. सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘पेशंट आहे, मुद्दाम थोडंच केलं? तू एकटी पुढे कशाला गेलीस?’ मेट्रन मॅडमनी रिपोर्ट बुकात ‘पेशंट अस्वस्थ होता’ एवढंच लिहायला लावलं. एक्स-रे मी माझ्या पैशांनी काढला, फ्रॅक्चर नाही. दोन दिवस घरी राहिले, त्या सीएल (किरकोळ रजा) धरल्या. अजून अंगठ्याने इंजेक्शनची काचेची अ‍ॅम्प्यूल फोडता येत नाही. पुढच्या आठवड्यात परत नाइट लागली आहे, नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, सोड ती नोकरी. चार दिवसांनी काका शुद्धीवर आले, त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांच्या पत्नी माझ्यासमोर हात जोडून रडल्या, मला एक शब्द बोलता आला नाही. अशा माणसाविरुद्ध तक्रार केली तर पाप वाटेल, नाही केली तर आतून जळतं. माझं चुकलं का? मी काय करू?”

सिस्टर, तुझ्या सगळ्या प्रश्नांकडे येते. पण आधी अंगठा.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. अंगठा मागे किंवा बाहेरच्या बाजूला जोरात पिरगाळला गेला की त्याच्या बुडाशी, तर्जनीकडच्या बाजूला असलेलं लिगामेंट ताणलं जातं किंवा तुटतं. मग चिमटीतली ताकद जाते. अ‍ॅम्प्यूलची मान मोडता येत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही, कुलपात किल्ली फिरवताना कळ येते. तू लिहिलं आहेस ते नेमकं हेच असू शकतं. लिगामेंट नुसतं ताणलं असेल तर स्प्लिंटने बरं होतं. पूर्ण तुटून त्याचं टोक बाजूच्या स्नायूच्या पडद्याबाहेर अडकलं असेल तर ते आपोआप जुळत नाही, ऑपरेशन लागतं, आणि ते पहिल्या तीन आठवड्यांत झालं तर उत्तम. तुझे बारा दिवस गेले. म्हणून हे वाचून झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांची, जमल्यास हाताच्या सर्जनची, याच आठवड्याची वेळ घे. “एक्स-रे नॉर्मल आहे” एवढ्यावर परत येऊ नकोस. “चिमटीत जोर नाही, लिगामेंट तपासा” असं स्पष्ट सांग. तोवर अ‍ॅम्प्यूल ज्युनिअरकडून फोडून घे, अंगठा बांधून ठेव.

आणि मावशी. तुझ्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे, त्यावरच माझी नजर अडकली. माणसाचा चावा ही घाण जखम असते, तोंडातले जंतू खोल जातात, बोटांच्या सांध्यावर असेल तर फारच वाईट. चामडी फाटली होती का? साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुतली का? अँटिबायोटिक, टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) मिळालं का? हिपॅटायटिस बी ची लस त्यांनी कधी घेतली आहे का? एचआयव्ही चाव्यातून लागण्याची शक्यता अगदी कमी, पण चाव्यात रक्त आलं असेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाहीत हे ७२ तासांच्या आत ठरवायचं असतं, आणि खरं तर पहिल्या दोन तासांत. ती वेळ टळली आहे. तरी आता रक्त तपासून ठेवता येतं, लस सुरू करता येते. त्यांना स्वतः घेऊन जा. वॉर्डात सगळ्यात जास्त मार मावशी आणि मामा खातात, कारण पेशंटला उचलायला, फिरवायला, धरायला तेच पुढे असतात. त्यांचा दुखावलेला खांदा कुठल्याच रजिस्टरात येत नाही, कारण पगार कंत्राटदार देतो आणि हॉस्पिटल म्हणतं ती आमची माणसं नाहीत. मला याचा मनापासून संताप येतो.

आता तुझा प्रश्न: माझं चुकलं का?

त्या रात्री काय झालं असावं ते आधी समजून घेऊ. निदान डॉक्टरांनी करायचं, पण तुझ्या वर्णनावरून मला तरी तो डिलिरियम वाटतो. आजारामुळे मेंदूचा उडालेला गोंधळ. तिसरी रात्र, भिंतीवरचे किडे आणि आधीचे दोन दिवस शांत, ही खूण दारू अचानक बंद झाल्याची असते. रोज पिणारा माणूस पाय सुजला म्हणून अ‍ॅडमिट होतो आणि त्याची दारू त्याच क्षणी थांबते. पहिल्या ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम सुरू होतो, किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं. म्हणजे सोमवारी आलेला माणूस बुधवारी किंवा गुरुवारी रात्री उठतो, आणि तेव्हा वॉर्डात नेमकी सगळ्यात कमी माणसं असतात.

यात लाजेचा भाग मोठा आहे. “दारू घेतात का?” असं नातेवाइकांसमोर विचारलं की उत्तर येतं, “नाही हो, कधीतरी लग्नकार्यात.” बायको खाली बघते. म्हणून हा प्रश्न बाजूला घेऊन विचारायचा आणि शब्द बदलून विचारायचा: “शेवटची कधी घेतली?” यात हो-नाही नसतं, उत्तर वेळेचं येतं, आणि आपल्याला वेळच हवी असते. ती एकदा केसपेपरवर आली की डॉक्टर लोराझेपाम (मेंदू शांत ठेवणारं औषध) आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधीच सुरू करतात. हँडओव्हरला “बेड १७, आज तिसरी रात्र, थरथर आहे, घाम आहे” एवढं सांगितलं तर रात्रीची सिस्टर त्या बेडकडे वेगळ्या नजरेने बघते.

प्रत्येक वेळी कारण दारूच असतं असंही नाही. साखर उतरते, सोडियम उतरतं, ऑक्सिजन कमी पडतो, जंतुसंसर्ग अंगात पसरतो. तुझ्या काकांचा तो पायच पुरेसा होता. डोक्याला मार, लिव्हर, किडनी. म्हाताऱ्या माणसांत तर चष्मा काढून ठेवला, कानाचं यंत्र घरी राहिलं, दोन दिवस शौचाला झालं नाही, एवढ्यावरही संध्याकाळनंतर माणूस ओळख विसरतो आणि हात उगारतो.

माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा व्रण आहे. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, दिवसा मला पाढे म्हणून दाखवायचे. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी अंगावरची चादर फेकली, मला शिव्या दिल्या. मी वाकून त्यांचे खांदे गादीवर दाबले आणि त्यांनी हात धरून चावा घेतला. मी ओरडले. आमच्या सीनिअर सिस्टर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, चादर वर केली. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती, ओटीपोट नाभीपर्यंत टच्च फुगलेलं. त्यांनी नळी सरळ केली. पिशवीत जवळजवळ एक लिटर लघवी आली. दहा मिनिटांत आजोबा झोपले. मग त्यांनी माझा हात नळाखाली धरला, घड्याळ लावून दहा मिनिटं. नळाचं पाणी थंडगार होतं आणि मला रडू आवरत नव्हतं. त्यानंतर त्यांनी स्वतः रिपोर्ट बुकात लिहिलं: वेळ, बेड नंबर, नळी दुमडलेली होती, आणि स्टाफ नर्स अमुक यांच्या डाव्या हातास चावा, कातडी फाटली. माझं नाव पुस्तकात आलं याची मला तेव्हा लाज वाटली होती. सहा महिन्यांनी जखमेत परत पू झाला, तेव्हा त्या एका ओळीमुळे माझी रजा आणि औषधं हॉस्पिटलच्या खर्चात बसली.

त्या आजोबांवर माझा कधी राग राहिला नाही. तुझ्या काकांवर तुझाही नाही, ते पत्रात दिसतं. पण “त्याचा दोष नाही” या वाक्याला तुझ्या वॉर्डात जोडून येतं “म्हणजे झालंच नाही”, आणि तुझ्या वाट्याला येतं “मग तुझाच दोष”. असा हिशोब होत नाही. पेशंट निर्दोष आहे. तुला इजा झाली आहे. ती कामावर असताना, कामामुळे झाली आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तू एकटी पुढे गेलीस, हे पुढच्या वेळी करू नकोस. मी हे प्रेमाने सांगते, ठपका म्हणून नाही. ३४ पेशंटना तीन माणसं असताना रात्री दोन वाजता दुसरं कोण पुढे जाणार होतं, याचं उत्तर ड्युटी लावणाऱ्यांनी द्यायचं. तरी आपला हात आपणच वाचवायचा असतो, म्हणून काही गोष्टी सांगते. नर्सिंगच्या तीन-चार वर्षांत आपल्याला बेड मेकिंगचे कोपरे घोटून शिकवले, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

सलाईन उपटलं तर उपटू दे. रक्त दिसलं की आपण धावतो, पण व्हेनफ्लॉन (सलाईनची शिरेतली सुई) पुन्हा लावता येतं. दोन पावलं मागे उभं राहायचं, हाताच्या टप्प्याबाहेर, अंग थोडं तिरकं, आणि दाराकडची वाट आपल्या पाठीशी मोकळी. ज्युनिअरला फोनकडे पाठवायचं, सिक्युरिटी आणि आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) दोघांनाही. मोठा दिवा लावायचा. आवाज खाली, वाक्यं छोटी, नाव घेऊन: “काका, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. पाणी देऊ?” किडे नाहीतच असा वाद घालायचा नाही, त्यांना ते खरोखर दिसत असतात. बोलणारं माणूस एकच असावं. दहा जण एकदम “झोपा, झोपा” म्हणू लागले की घाबरलेला माणूस अजून बिथरतो. जवळच्या लॉकरवरची कात्री, स्टीलचा ग्लास, सलाईनचा सुटा स्टँड उचलून बाजूला करायचा, शेजारच्या पेशंटला हलवायचं. आणि हे सगळं चालू असताना एकीने साखर, ऑक्सिजन, लघवी तपासण्याची तयारी ठेवायची.

गळ्यातलं मंगळसूत्र नाइटला पदरात किंवा कॉलरच्या आत पिन लावून ठेव, नाहीतर घरीच ठेव. आयकार्डाची दोरी ओढली की सुटणारी असावी. स्टेथोस्कोप गळ्यात नको, वर खिशात टोकदार पेन आणि कात्री नको, केस अंबाड्यात. मनगट धरलंच तर आपला हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरवून सोडवायचा, पकड तिथेच कच्ची असते. केस धरले तर मान ओढायची नाही, दोन्ही हातांनी त्याची मूठ आपल्या डोक्यावरच घट्ट दाबून धरायची आणि मदतीची वाट बघायची. चावा घेतला तर हात उपटायचा नाही, मांस फाटतं. उलट तोंडाच्या दिशेने किंचित आत दाबायचा, जबडा सैल पडतो. या तिन्ही गोष्टी कोरड्यात, दिवसा, मैत्रिणीबरोबर दहा वेळा करून बघ. वाचून हात शिकत नाही.

धरायची वेळ आलीच तर पाच माणसं लागतात: चार हातापायांना चार, डोक्याशी एक. डोक्याशी असलेल्याने श्वास बघायचा आणि बोलत राहायचं. छातीवर, पोटावर, मानेवर कोणी भार द्यायचा नाही, पालथं तर कधीच पाडायचं नाही, गुदमरून माणूस जाऊ शकतो. म्हणूनच दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनी धरणं मला धोक्याचं वाटतं. ते मदतीला धावले, चांगल्या मनाने आले, पण त्यांना हे माहीत नसतं. शिवाय त्यांना लागलं तर? हातपाय बांधायचे ते डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरने, मऊ पट्टीने, आत दोन बोटं जातील एवढं सैल, आणि गाठ पलंगाच्या मुख्य चौकटीला. वर-खाली होणाऱ्या कठड्याला बांधली तर कठडा उतरवताना हात मुरगळतो. दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग बघायचा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. कलम ९७ म्हणतं की पेशंटला किंवा इतरांना तत्काळ धोका असेल आणि दुसरा मार्ग नसेल तरच, गरजेपुरताच वेळ बांधायचं, शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच. हा कायदा मानसोपचाराच्या संस्थांसाठी लिहिला आहे, पण तीच कसोटी मी कुठल्याही मेडिकल वॉर्डाला लावेन.

आता तक्रारीचं. तक्रार आणि रिपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एक समजून बसली आहेस, म्हणून तुला पाप वाटतं आहे.

तक्रार म्हणजे पोलिसात, माणसाविरुद्ध. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा कायदा आहे. डॉक्टर, नर्स, शिकाऊ विद्यार्थी, पॅरामेडिकल स्टाफ यांच्यावर हात उगारणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची भरपाई दुप्पट. शुद्धीत असलेला, नुसता पिऊन आलेला माणूस कॅज्युअल्टीत थप्पड मारतो, नातेवाईक गळा धरतात, तेव्हा हा कायदा वापरायचाच, तिथे समजूतदारपणा दाखवू नकोस. स्वतःच्या मर्जीने प्यायलेल्याला नशेची सबब कायदा देत नाही. केरळमध्ये कोट्टारक्करा इथल्या तालुका रुग्णालयात १० मे २०२३ ला डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरवर हल्ला झाला आणि त्यात तिचा जीव गेला. पोलिसांनी तपासणीसाठी आणलेल्या माणसाने सर्जिकल कात्रीने वार केले होते. पोलीस जवळ आहेत म्हणून धोका नाही असं कधी धरू नये. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने आपल्या संस्थांच्या प्रमुखांना लेखी कळवलं की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेने स्वतः एफआयआर करायचा. तो आदेश तुझ्या ट्रस्टला थेट लागू नसेल, पण मागणी करताना दाखवायला चांगला आहे: जिच्यावर हल्ला झाला तिने एकटीने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, संस्थेने चढायच्या.

तुझ्या काकांचं तसं नाही. आपण काय करतो आहोत हे ज्याला आजारामुळे कळतच नव्हतं त्याची कृती गुन्हा ठरत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम २२ हेच सांगतं. म्हणून त्यांच्याविरुद्ध पोलिसात जाऊ नकोस. तुझं मनही तेच सांगतं आहे, ते बरोबर आहे.

रिपोर्ट मात्र लिही. त्यात कुणावर आरोप नसतो, काय झालं तेवढं असतं. उशीर झाला तरी चालेल, वर आजची तारीख घाल. कागद हवा असेल तर हा घे:

“दिनांक अमुक, रात्री सुमारे दोन वाजता, पुरुष मेडिकल वॉर्ड, बेड नंबर अमुक येथील रुग्ण भ्रमावस्थेत असताना त्यांना आवरताना माझा उजवा/डावा अंगठा मागे पिरगाळला जाऊन इजा झाली व मी ड्रेसिंग ट्रॉलीवर पडले. त्याच वेळी सोबतच्या परिचर श्रीमती अमुक यांच्या हातास चावा लागला. त्या वेळी वॉर्डात ३४ रुग्ण व आम्ही तीन कर्मचारी होतो. अद्याप अंगठ्याची पकड कमी आहे. ही इजा कामावर असताना झाल्याची नोंद अपघात नोंदवहीत व्हावी, उपचाराचा खर्च मिळावा व दोन दिवसांच्या किरकोळ रजा परत खात्यावर जमा व्हाव्यात, ही विनंती.”

दोन प्रती कर. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घे. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच मजकूर ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठव. मावशींचा अर्ज वेगळा, त्यांच्या सहीचा.

तुझा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल तर तुझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असणार, पगाराची चिठ्ठी बघ. मग हा कागद अजूनच मोलाचा. कामावरच्या इजेसाठी ईएसआयमध्ये किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क असतो. इजेमुळे अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलं नाही, तर ईएसआयच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. म्हणजे अंगठ्याचं ऑपरेशन किंवा प्लास्टर निघालं तर या वेळी सीएल टाकू नकोस. मालकाने अपघाताची नोंद वहीत घेऊन, कळल्यावर मुदतीत ईएसआयला कळवायचं असतं. मावशी कंत्राटदाराच्या असल्या तरी हॉस्पिटल हात झटकू शकत नाही, वर्गणीची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येतेच. पगार २१ हजारांच्या वर असेल तर भरपाईची वाट वेगळी आहे. युनियन असेल तर तिथे, नसेल तर कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाकडे एकदा जाऊन ये. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: नोंद कुठे आहे?

मेट्रन मॅडमबद्दल एक सांगते. मीही काही वर्षं त्या खुर्चीत बसले आहे, आणि “अस्वस्थ होता एवढंच लिही” असं मीही दोन-तीनदा सांगितलं आहे. त्या मुलींची नावं मला अजून आठवतात. वरून दबाव असतो: ट्रस्टी विचारतील, मानांकनाची तपासणी जवळ आली आहे, पेपरात जाईल. खरं म्हणजे तपासणीला येणारे लोक अशा घटना नोंदवल्या जातात का हेच बघतात, आणि कोरं रजिस्टर बघून कोणी खूश होत नाही. शिवाय नोंद नसेल तर मेट्रन तरी कशाच्या जोरावर जास्त स्टाफ मागणार? हे त्यांना एकांतात, भांडण न करता सांगून बघ. “मॅडम, तिसऱ्या रात्रीच्या पेशंटसाठी आपण काहीतरी ठरवू या” अशी सुरुवात कर. त्या ऐकतील असं मला वाटतं. नाही ऐकलं तरी अर्ज थांबवायचा नाही.

पोटातल्या गोळ्याचं. बारा दिवसांत हे होणं अगदी साहजिक आहे, तू भित्री नाहीस. अंगठा बरा नसताना तू नाइटला जाणं तसंही योग्य नाही. डॉक्टरांकडून हलक्या कामाचं सर्टिफिकेट घे आणि काही आठवडे दिवसपाळी माग. रात्री दचकून उठणं, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्या बेडजवळून जाताना छातीत धडधडणं, हे महिना उलटूनही चालू राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.

नोकरी सोडायचा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस. नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे सोबत ने. त्याला तुझी काळजी आहे आणि त्या काळजीला करण्यासारखं काही काम मिळालेलं नाही. फाइल त्याच्या हातात दे, ईएसआय ऑफिसच्या खेपा त्याला घालू दे. अर्ज जाऊन, अंगठा दाखवून, एक-दोन नाइट दुसऱ्या सीनिअरबरोबर करून झाल्यावरही नको वाटलं, तर खुशाल सोड. सहा वर्षांच्या अनुभवाला काम मिळतं.

आता त्या काकांच्या पत्नी. त्या हात जोडून रडल्या आणि तुला बोलता आलं नाही, हे तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस, पण तेच तुला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. पायाची जखम आहे, म्हणजे ड्रेसिंगला ती मंडळी येणार. आल्या की पाच मिनिटं काढ, त्यांना बाकावर बसव. तुमच्या नवऱ्याने मुद्दाम केलं नाही, तो आजार होता, असं सांग. मग नवरा जवळ नसताना हळूच विचार की रोजची किती होती. खरं कारण तेच निघालं तर त्यांना हेही सांग की घरी कधी रागाने बाटली फोडून दारू एकदम बंद करायची नाही, आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची. मानसोपचाराच्या ओपीडीत त्यासाठी उपचार असतात, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आणि पुन्हा कधी कुठल्याही दवाखान्यात अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर दारातच, न लाजता, शेवटची कधी घेतली ते सांगायचं. त्या जे सांगतील ते काकांच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात, लाल पेनने लिहून ठेव.